'कशाला उकरता?' म्हणणाऱ्यांसाठी

२०२५ च्या फेब्रुवारीत मी लेकीकडे न्यू जर्सीला होतो. बाहेर बर्फ, घरात हीटर, आणि फोंड्याकडच्या माझ्यासारख्या माणसाला करण्याजोगे काम काहीच नाही. एका शनिवारी नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजो, लायब्ररीत चल. आज ब्लॅक हिस्टरीचा कार्यक्रम आहे." मला वाटले, भाषण असेल, हारतुरे असतील, शेवटी आभारप्रदर्शन. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे मागच्या रांगेतली खुर्ची धरून बसलो.

भाषण झालेच नाही. चाळीसेक खुर्च्या, कोपऱ्यात कॉफीचे भांडे, कुणी घरून करून आणलेला रताळ्याचा गोड पदार्थ. सत्तरी ओलांडलेली एक कृष्णवर्णीय निवृत्त शिक्षिका हातात दोरीचा गुंडा घेऊन उभी होती. तिने मुलांना सांगितले, दर वर्षाला एक इंच. दोरीचे एक टोक १६१९ हे साल, म्हणजे आफ्रिकेतून धरून आणलेली वीसेक माणसे व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर विकली गेली ते. मुलांनी मोजत मोजत दोरी ताणली आणि १८६५ या सालावर चिमटा लावला, म्हणजे गुलामगिरी कायद्याने संपली ते. २४६ इंच झाले. मग तिथून पुढे २०२५ पर्यंत मोजले. १६० इंच. बाईंनी एवढेच विचारले, "कुठली बाजू लांब आहे?" मुले गप्प झाली. माझ्या नातीने बोटे मोडून हिशेब केला आणि म्हणाली, "दोन्ही बाजू सारख्या व्हायला २१११ साल उजाडेल." बाई हसल्या. मग मुलांनी एकेक चिठ्ठी वाचून त्या त्या जागी अडकवली. दीड तासात कार्यक्रम संपला.

गावी परतल्यावर हा प्रसंग मी बऱ्याच जणांना सांगितला. त्यावर तीन उत्तरे मिळाली. आमच्या कट्ट्यावरचा एक जुना मित्र म्हणाला, "आमकां कितें पडलां ताचें?" दुसरे एक निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांच्याबद्दल मला आदर आहे, ते म्हणाले, "जुने कशाला उकरायचे? त्याने समाजात फूटच पडते." आणि तिसरा, अमेरिकेतच वीस वर्षे असलेला मित्राचा मुलगा, फोनवर म्हणाला, "काका, आम्हीही परकेच होतो इथे. रडत बसलो नाही, अभ्यास केला, वर आलो. यांना मात्र सारखे मागचेच लागते."

हे तिघेही वाईट नाहीत. तिघांच्या घरी मी जेवलो आहे. पण तिघेही चूक आहेत, आणि ती चूक आपल्या गोव्यातल्या मराठी वाचकांत इतकी पसरलेली आहे की तिच्यावर उघड बोलणे मला गरजेचे वाटते.

आधी हे कार्यक्रम आले कुठून ते पाहू. आपला समज असा की अमेरिकन सरकारने उदार मनाने काळ्यांना एक महिना देऊन टाकला. खरी गोष्ट उलटी आहे. गुलामगिरीच्या काळात दक्षिणेतल्या अनेक राज्यांत गुलामाला लिहायला-वाचायला शिकवणे हा कायद्याने गुन्हा होता. ज्याला अक्षर शिकू दिले नाही, त्याचा इतिहास दुसऱ्याने लिहिला. कार्टर वुडसन यांचा जन्म १८७५ चा, आईवडील गुलामगिरीतून सुटलेले. हा मुलगा वेस्ट व्हर्जिनियाच्या कोळशाच्या खाणीत कामाला लागला. तिथे ऑलिव्हर जोन्स नावाचा एक खाणकामगार होता. यादवी युद्धात लढलेला, पण निरक्षर. त्याने आपल्या घरात पुस्तके आणि वर्तमानपत्रे जमवली होती. कामावरून आलेले मजूर तिथे जमत, आणि वुडसन त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. विसाव्या वर्षी तो हायस्कूलात गेला. १९१२ साली हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली. त्याआधी ती मिळवणारे कृष्णवर्णीय गृहस्थ एकच, डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस.

या वुडसननी १९१५ साली शिकागोत आपल्या लोकांच्या इतिहासाच्या अभ्यासासाठी संस्था काढली, दुसऱ्या वर्षी नियतकालिक काढले, आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये 'निग्रो हिस्टरी वीक' सुरू केला. फेब्रुवारीच का, तर १२ तारखेला लिंकनचा आणि १४ तारखेला फ्रेडरिक डग्लसचा जन्मदिवस हे लोक आधीपासूनच साजरा करत होते. सरकारचा रुपयाही त्यात नव्हता. चर्चच्या तळघरात, महिला मंडळांत, दक्षिणेतल्या वेगळ्या ठेवलेल्या गरीब शाळांत हा सप्ताह उभा राहिला. वुडसनची संस्था शिक्षकांना चित्रे, नाटुकली, पाठ तयार करून पाठवी. १९३७ पासून तर खास शिक्षकांसाठी वेगळे मासिकच निघू लागले. सप्ताहाचा महिना व्हायला जवळजवळ पन्नास वर्षे लागली. १९७० मध्ये ओहायोतल्या केंट स्टेट विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा पूर्ण महिना पाळला, आणि राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी त्याला मान्यता दिली ती १९७६ मध्ये.

म्हणजे सरकार शेवटी आले. वरातीमागून घोडे, तसे. आणि जे शेवटी येते ते पहिल्यांदा निघूनही जाऊ शकते. ३१ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने जाहीर केले की ब्लॅक हिस्टरी मंथसारखे महिने साजरे करण्यावर यापुढे सरकारी वेळ आणि साधने खर्च होणार नाहीत. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्षांनी त्याच महिन्याचा गौरव करणारे जाहीरनामापत्रही काढले, हा विनोद वेगळाच. मार्च २०२५ मधल्या अध्यक्षीय आदेशात वॉशिंग्टनच्या आफ्रिकन-अमेरिकन इतिहास संग्रहालयाचे नाव घेऊन टीका केली गेली. त्याआधी जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडा राज्याने हायस्कूलसाठी तयार झालेला आफ्रिकन-अमेरिकन अभ्यासक्रम नाकारला होता. त्याच वर्षी तिथल्या शालेय मार्गदर्शिकेत असा मुद्दा आला की गुलामांनी जी कौशल्ये आत्मसात केली त्यांचा काही वेळा त्यांना स्वतःला फायदा झाला. वाचून मी हबकलोच. मग फ्लोरिडातल्या कृष्णवर्णीयांनी काय केले? अनेक चर्चनी ठरवले की शाळा शिकवत नसेल तर आम्ही शिकवू. शंभर वर्षांपूर्वी जिथून सुरुवात केली होती, तिथेच पुन्हा बसले. मी पाहिलेला तो दोरीचा कार्यक्रम त्याच जातीचा होता. म्हणून त्याला सांस्कृतिक करमणूक म्हणणे मला चुकीचे वाटते. ती शाळा आहे, आणि ज्यांची शाळा दुसऱ्याच्या मर्जीवर कधीच चालली नाही अशा लोकांची शाळा आहे.

आता मुख्याध्यापक साहेबांचा मुद्दा. जुने कशाला उकरायचे?

ओक्लाहोमा राज्यात तुल्सा नावाचे शहर आहे. तिथली ग्रीनवुड ही कृष्णवर्णीयांची भरभराटीची वस्ती. दुकाने, हॉटेले, डॉक्टर, वकील, वर्तमानपत्रे, सगळे त्यांचे स्वतःचे. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्या जमावाने ती वस्ती जाळली. सुमारे पस्तीस चौक राख झाले. मेलेल्यांचा आकडा इतिहासकार तीनशेपर्यंत सांगतात. हजारो माणसे बेघर झाली. आणि मग? मग काहीच नाही. पाठ्यपुस्तकात ओळ नाही, शहरात फलक नाही. तुल्सातच जन्मलेली मुले म्हातारी झाली तरी त्यांना हे ठाऊक नव्हते. साहेब, तिथे पाऊणशे वर्षे कुणी काही उकरले नाही. मग समाज एक झाला का? जखम भरली का? नाही. ज्यांनी घर गमावले ते गरीब राहिले, आणि ज्यांनी जाळले त्यांच्या नातवंडांना आजोबा सज्जन वाटत राहिले. न उकरण्याचा फायदा कुणाला होतो हे एवढ्यावरून कळावे.

१९९७ मध्ये राज्याने चौकशी आयोग नेमला, २००१ मध्ये त्याचा अहवाल आला. २०२० पासून तिथल्या ओकलॉन स्मशानभूमीत खरोखरच कुदळ-फावडे घेऊन उकरायला सुरुवात झाली. २०२४ मध्ये एका सांगाड्याची ओळख पटली. सी. एल. डॅनियल नावाचा तरुण, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेला. १०३ वर्षांनी त्याला नाव परत मिळाले. त्याच्या घराण्यातल्या माणसांना आता तरी कळले की आपला माणूस कुठे गेला. 'उकरू नका' म्हणणाऱ्याने एकदा त्या घरात जाऊन तसे म्हणून दाखवावे.

आणि फूट पडते म्हणता? १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत 'फ्रीडम स्कूल्स' निघाल्या. चाळीसेक शाळा, दोन हजारांवर विद्यार्थी, कुठे चर्चमध्ये तर कुठे झाडाखाली. वाचन, गणित, राज्यघटना आणि आपल्या लोकांचा इतिहास असा अभ्यास. शिकवायला उत्तरेतून आलेले बहुतेक स्वयंसेवक गोरे होते. लाँगडेल गावचे माउंट झायन चर्च अशाच शाळेसाठी ठरले होते, म्हणून १६ जूनला ते जाळण्यात आले. त्याची चौकशी करायला गेलेल्या तिघांना २१ जूनला ठार मारले. जेम्स चेनी कृष्णवर्णीय होता, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे दोघे ज्यू घराण्यातले गोरे तरुण. एका इतिहासाच्या शाळेपायी तिघे एकाच खड्ड्यात पुरले गेले. यात फूट कुणी पाडली, शाळा काढणाऱ्यांनी की जाळणाऱ्यांनी? माणसे एकत्र येतात ती खरे बोलल्यावर येतात. खोटे झाकून बसवलेली शांतता म्हणजे घोंगड्याखाली ठेवलेला निखारा.

आता मित्राच्या मुलाकडे वळतो. "आम्ही अभ्यास केला, वर आलो." बाळा, तू अभ्यास केलास हे खरेच. पण तुला परीक्षेच्या दालनात शिरू कुणी दिले? १९२४ च्या कायद्याने अमेरिकेचे दार आशियाई माणसांना जवळजवळ बंद होते. १९४६ मध्ये ते किलकिले झाले, तेव्हा भारतीयांचा वाटा होता वर्षाला शंभर माणसे. शंभर! एका जत्रेला आपल्याकडे याहून जास्त भटजी आणि फुलवाले असतात. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी नवा कायदा झाला, वंश आणि देश पाहून वाटा ठरवण्याची पद्धत गेली, आणि मग भारतातून डॉक्टर, इंजिनिअर भराभर जाऊ लागले. हा कायदा आकाशातून पडला नाही. १९६४ चा नागरी हक्क कायदा, ऑगस्ट १९६५ चा मतदान हक्क कायदा आणि हा तिसरा, तिन्ही एकाच लाटेवर आले. ती लाट कुणी उठवली? मोंटगोमेरीत वर्षभर बसवर बहिष्कार घालून पायी कामावर जाणाऱ्या बायांनी, सेल्माच्या पुलावर काठ्या खाणाऱ्यांनी. त्यांनी मार खाल्ला आणि दार उघडले, आपण त्यातून सुटाबुटात आत गेलो, आणि आता मागे वळून त्यांनाच विचारतो, "तुम्ही अजून अंगणातच का?" याला आमच्याकडे कृतघ्नपणा म्हणतात. अमेरिकेतल्या मराठी मंडळांत गणपती होतो, दिवाळी होते, नाटके होतात, व्हायलाच हवीत. फेब्रुवारीतला एक तास आपल्या मुलांना हे सांगण्यासाठी ठेवला तर कुठला देव कोपणार आहे?

राहिला कट्ट्यावरचा माझा मित्र. "आमकां कितें पडलां?" हे उत्तर सगळ्यांत सोपे, म्हणून सगळ्यांत धोक्याचे.

अरे, आपले फार पडले आहे. मराठीत इतर कुठल्याही भारतीय भाषेच्या आधी हे नाते जोडले गेले असावे असे मला वाटते. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या लोकांना दास्यातून सोडवण्यासाठी झीज सोसली. पुण्यात बसलेल्या माणसाला तेव्हा हे कळले होते की तिथल्या मळ्यातला साखळदंड आणि इथल्या गावकुसाबाहेरची वस्ती यांत सोयरिक आहे. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांपुढे कृष्णवर्णीयांच्या वतीने गेलेल्या अर्जाची प्रत मागितली, आणि ड्युबॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' निघाली, तिने तर नावच ओकलंडच्या 'ब्लॅक पँथर'वरून घेतले. फुल्यांच्या तसबिरीला आपण हार घालतो. त्यांच्या पुस्तकाचे अर्पणपत्र मात्र किती जणांनी वाचले आहे?

ही झाली अभिमानाची बाजू. गोवेकर म्हणून आपल्याला दुसरीही बाजू आहे, आणि ती सांगताना जीभ जड होते. यान हुइगेन व्हान लिन्सखोतेन हा डच गृहस्थ १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. १५९६ साली त्याचे प्रवासवर्णन छापले गेले. जुन्या गोव्याच्या सरळ हमरस्त्यावर, ज्याला पोर्तुगीज 'रुआ दिरेइता' म्हणत, रोज सकाळी लिलाव भरे आणि त्यात घोड्यांबरोबर आणि मालाबरोबर माणसेही विकली जात, हे त्याने लिहून ठेवले आहे. त्या माणसांत मोझांबिककडून आणलेले आफ्रिकन होते. घेणारे फक्त पोर्तुगीज होते असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. हिंदूंच्या घरचा गुलाम ख्रिस्ती झाला तर तो मुक्त समजावा अशी फर्माने सोळाव्या शतकात निघाली होती. म्हणजे आपल्याही घरांत गुलाम होते. पोर्तुगालने गुलामांच्या व्यापारावर बंदीचा हुकूम काढला तो १८३६ साली. आजही आपण जुन्या गोव्यात पाहुण्यांना घेऊन जातो, चर्च दाखवतो, फोटो काढतो. ज्या रस्त्यावर उभे राहून फोटो काढतो त्यावर काय विकले जात होते, हे सांगतो का?

गोव्यातून निसटलेले काही गुलाम घाटावरच्या रानात शिरले. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड, अंकोला या भागांत आज जे सिद्दी राहतात, त्यांच्यातल्या अनेकांचे पूर्वज हे असे अभ्यासक मानतात. कुणी ख्रिस्ती, कुणी मुसलमान, कुणी हिंदू. त्यांच्या बोलीत कोंकणीचे शब्द आहेत, म्हणजे आपल्या घरातलीच भाषा ते बरोबर घेऊन गेले. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये शांताराम सिद्दी कर्नाटकाच्या विधान परिषदेवर गेले. आमच्या गावापासून हे लोक एका दिवसात जाऊन येण्याच्या अंतरावर आहेत. आणि आपल्याजवळ त्यांची खूण म्हणून काय उरले आहे? एक शब्द, 'खापरी'. पोर्तुगिजांच्या 'काफ्र'वरून आलेला. काळ्या माणसाला हिणवायला आपण तो अजून सहज वापरतो, शिकलेली माणसेसुद्धा. २०१३ साली पर्वरीला नायजेरियन लोकांनी महामार्ग अडवला, ते बेकायदेशीर होते यात शंका नाही. पण त्यानंतर राज्याच्या एका मंत्र्याने त्या लोकांना कर्करोगाची उपमा दिली, आणि आपल्यापैकी कित्येकांनी मान डोलावली. चारशे वर्षांपूर्वीचा लिलाव विसरलेल्या माणसाच्याच तोंडी असे शब्द इतक्या सहज येतात. उकरले असते तर निदान जीभ अडखळली असती.

खरे तर स्वतःची शाळा स्वतः चालवणे म्हणजे काय, हे गोव्यातल्या मराठी माणसाला कुणी शिकवायला नको. पोर्तुगीज अमलात सरकारी शाळा पोर्तुगीजची. आपल्या आजोबा-पणजोबांनी अक्षर गिरवले ते शेणवीमामाच्या शाळेत, देवळाच्या अग्रशाळेत नाहीतर कुणाच्या पडवीत, धुळाक्षरांवर. सरकारने दिले नाही म्हणून भाषा मेली नाही, कारण लोकांनी ती आपल्या खर्चाने सांभाळली. मग वुडसन आणि त्या चर्चच्या तळघरातले मास्तर आपल्याला परके का वाटावेत? अर्थात, आपल्या त्या पडवीत सगळ्या जातींच्या मुलांना जागा नव्हती, हेही त्याच दमात सांगायला हवे. आपण एका बाजूने वुडसन आहोत आणि दुसऱ्या बाजूने दार अडवणारे आहोत. हे दोन्ही एकदम मान्य करायला धैर्य लागते, आणि ते धैर्य यावे म्हणूनच अशा कार्यक्रमांची गरज आहे.

आता या लेखामागचे खरे कारण सांगतो. परतल्यावर मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीपुढे प्रस्ताव ठेवला. फेब्रुवारीत एक संध्याकाळ. फुल्यांच्या अर्पणपत्राचे वाचन, वुडसनची गोष्ट, जुन्या गोव्याच्या लिलावाची माहिती, आणि यल्लापूरकडचा एखादा शिकलेला सिद्दी तरुण वक्ता म्हणून. सभासदांनी शांतपणे ऐकून घेतले. मग एकजण म्हणाले, "सिद्दींचा ढोल-नाच ठेवूया की. लोक येतील. भाषण-बिषण नको, उगाच वाद होतात." सगळ्यांना ही सूचना फार आवडली. माझ्या तोंडातून शब्द फुटेना. चारशे वर्षांपूर्वी ज्याला बाजारात उभे करून अंग दाखवायला लावले, त्याच्या वंशजाला आज आम्ही मंचावर बोलावणार, तेही नाचायला. त्याने बोलायचे नाही, कारण बोलला तर वाद होतो.

नाचाला माझा विरोध नाही. तो त्यांचा आहे आणि सुंदर आहे. पण नुसता नाच ठेवून इतिहास टाळणे ही युक्ती जुनी आहे, अमेरिकेतही चालते. महिना आला की कंपन्या फलक लावतात, उपाहारगृहात खास जेवण ठेवतात, १ मार्चला फलक उतरतात. वुडसननी हे आपल्या हयातीतच पाहिले होते. सप्ताह लोकप्रिय झाल्यावर त्यावर पोट भरणारे वक्ते उगवले, तेव्हा विद्यार्थ्यांहून कमी माहिती असलेल्या वक्त्याला बोलावू नका असे त्यांनी शिक्षकांना बजावले. त्यांच्या मते वर्षभर शिकायचे आणि त्या आठवड्यात काय शिकलो ते लोकांना दाखवायचे. नाचाच्या आधी अर्धा तास त्या तरुणाला बोलू द्या, मग ढोलही घुमू दे. ऐकून झाल्यावर तोच ढोल वेगळा ऐकू येईल.

कार्यकारिणीने प्रस्ताव 'पुढील सभेत विचारार्थ' ठेवला आहे. याचा अर्थ गोव्यातल्या कुठल्याही संस्थेच्या सभासदाला मी सांगायला नको. तेव्हा मी ठरवले आहे की कार्यक्रम आमच्या घरच्या पडवीत करायचा. येत्या फेब्रुवारीच्या दुसऱ्या रविवारी, संध्याकाळी पाचला. खुर्च्या पंधरा आहेत, बाकीच्यांनी चटईवर बसावे. चहा आणि उकडलेली रताळी मिळतील. दोरीचा गुंडा मी आणून ठेवला आहे. १५१० पासून दर वर्षाला एक इंच मोजले तर पाचशेहून जास्त इंच होतात, आमची पडवी तेवढी लांब नाही, दोरी अंगणात न्यावी लागेल. चिमटे मुलांनी लावायचे.

मुख्याध्यापक साहेबांना आमंत्रण दिले आहे. ते म्हणाले, "येतो, पण वाद घालायला येतो." मी म्हटले, अवश्य या, खुर्ची राखून ठेवतो. कट्ट्यावरचा मित्र अजून "पळोवया" म्हणतो आहे. तुमच्यापैकी जे जवळपास असतील त्यांनी जरूर यावे. जे लांब आहेत त्यांनी आपल्या पडवीत करावे. कुणाची परवानगी लागत नाही.